मुखदर्शन

माणगंगेच्या काठावर जन्मलेल्या माणसाने बोटीतून शहर पाहण्यावर लिहायला बसावे, हा तसा आगाऊपणाच. आमची नदी माण तालुक्याच्या डोंगरांत उगवते, दहिवडी, गोंदवले, म्हसवड करत आटपाडीच्या शिवारात शिरते, सांगोला ओलांडते आणि सरकोलीला भीमेला मिळते. मिळते म्हणायचे, इतकेच. वर्षाचे आठ-नऊ महिने तिथे मिळायला काही नसायचे. आणि मिळते तीही पंढरपूरच्या खाली. म्हणजे सबंध माणदेश पिढ्यानपिढ्या पंढरीला चालत गेला, पण त्याच्या नदीचे पाणी काही विठोबाच्या पायाला लागले नाही.

माझ्या लहानपणी नदी ही वाट होती. शेळ्या तिच्यातून जात, गाड्या वाळू भरायला तिच्यात उतरत, जत्रेचे पाळणे तिच्यात उभे राहत आणि शाळेला उशीर झाला की आम्ही पात्रातूनच पळत सुटायचो. त्यामुळे इतर गावांची माणसे जे होडीतून पाहतात ते आम्ही वाळूत पाय भाजून घेत पाहिले. पात्रात उभे राहून वर बघितले की गावाची पाठ दिसायची. परसदारे, ढासळलेल्या पायऱ्या, राखेचे ढीग, न्हाणीचे पाट, एखाद्या वाड्याची बिनखिडक्यांची उंच भिंत. वेशीतून शिरणाऱ्या पाहुण्याला दिसणारे गाव निराळे. तिथे मारुती, पार, चावडी, रंग दिलेले दरवाजे. एकाच गावाच्या या दोन बाजू एकमेकींना ओळखत नसाव्यात असे मला तेव्हा वाटे. पुढे शहरे पाहिली, त्यांच्यावरची पुस्तके वाचली, तरी कुठल्याही वस्तीपुढे उभा राहिलो की पहिला प्रश्न तोच येतो. हिचे तोंड कुठे आहे, आणि ते कुणाच्या वाटेकडे लागले आहे?

मराठीत घराला तोंड असतेच. घर पूर्वाभिमुख असावे, दक्षिणेला तोंड नको, दुकानाचे तोंड रस्त्याला हवे. पुढच्या भिंतीला आपण दर्शनी भिंत म्हणतो, आणि त्या शब्दात देवळातले दर्शन आहे. देव आपल्याला दिसतो तसे आपणही देवाला दिसतो, अशी दोन्हीकडची ती गोष्ट असते. मात्र तोंडाचेच आणखी एक विशेषण आपल्याकडे आहे, तोंडदेखले. वास्तुकलेच्या इतिहासातली निम्मी प्रकरणे या एका शब्दाखाली बसतील असा माझा अंदाज आहे.

गेल्या हिवाळ्यात माझे चुलते मुंबईला मोतीबिंदू काढायला आले. वय ऐंशी. १९७२ च्या दुष्काळात गावच्या रस्त्याच्या कामावर खडी फोडता फोडता ते एका ट्रकमध्ये बसून निघाले आणि गोदीत लागले. घोडपदेवच्या खोलीत, जिथे आमच्याकडची वीसेक माणसे पाळीपाळीने झोपत, तिथे त्यांनी वळकटी टाकली, ती एकोणतीस वर्षांनी उचलली. डोळ्याची पट्टी निघून महिना झाल्यावर मला म्हणाले, "दिसतंय तर झ्याक. आता बघायचं काय, ते सांग."

"आप्पा, गेटवेवरून घारापुरीला लाँचनं जाऊ. मुंबई समुद्रातून बघितलीय कधी तुम्ही?"

"न्हाई."

मला नवल वाटले. "एकोणतीस वर्षं बोटींवर होता ना?"

"बोटीवर न्हाई रं बाबा. बोटीच्या पोटात. पोटातनं मुंबय कशी दिसंल?"

तर आम्ही गेलो. तिकीट काढले, वरच्या मजल्यावर बसायचे जादा पैसे लाँचवरच्या पोराने वेगळे घेतले. १८ डिसेंबर २०२४ ला याच पाण्यात नौदलाची वेगवान बोट प्रवासी लाँचवर आदळून माणसे गेली, तेव्हापासून नारिंगी जाकीट अंगात घातल्याशिवाय लाँचवर कुणी बसू देत नाही. आप्पांनी ते धोतर-पैरणीवर चढवले, टोपी घट्ट केली आणि कठड्याला धरून बसले. शिंगणापूरच्या यात्रेत कावडी मुंगी घाटाने वर चढतात ते दृश्य मला आठवले. आमच्याकडे पाणी माणसाच्या खांद्यावर बसून डोंगर चढते. इथे पाण्याने आम्हाला खांद्यावर घेतले होते, आणि आम्ही दोघेही जरा अवघडून बसलो होतो.

लाँच धक्क्यापासून मागे सरली, वळली आणि गेटवे ऑफ इंडिया सबंध समोर आला. जमिनीवरून तो कधी असा दिसत नाही. तिकडून आपण त्याच्या पाठीशी येतो, फुगेवाल्यांतून आणि फोटोवाल्यांतून वाट काढत. पाण्यावरून कळते की ही कमान पहिल्यापासून पाण्यावरच्या डोळ्यांसाठी रचलेली आहे. मधली मोठी कमान, बाजूची दालने, चार बुरुज, खारोडीच्या खाणीतला पिवळसर बेसॉल्ट, ग्वाल्हेरहून आणलेल्या जाळ्या. जॉर्ज विटेट या वास्तुकाराने सोळाव्या शतकातल्या गुजरातच्या मुसलमानी वास्तूंचा धागा उचलला आणि त्यात रोमन विजयकमानीचा ऐसपैसपणा मिसळला. उंची सुमारे २६ मीटर, खर्च २१ लाख.

पण मला या कमानीत खरा रस आहे तो तिच्या उशिरामुळे. राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ ला अपोलो बंदरावर उतरले ते दिल्ली दरबाराला निघाले असताना. त्या दिवशी त्यांच्या स्वागताला जे उभे होते ते पुठ्ठ्याचे होते. दगडी कमानीचा पाया ३१ मार्च १९१३ ला घातला गेला, आणि ती पुरी होऊन उघडली ४ डिसेंबर १९२४ ला. पाहुणा येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी वेस बांधून तयार! तोंडदेखला पाहुणचार म्हणतात तो याहून अक्षरशः कुठे झाला नसेल. पुढे कमानीपासून शहरात जाणारा भव्य रस्ता व्हायचा होता, त्याला पैसेच उरले नाहीत. म्हणून ती आजही आजूबाजूच्या रस्त्यांशी तिरकी उभी आहे, लग्नघरात ओळखीचे कुणी न भेटलेल्या पाहुण्यासारखी. २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीखालून बोटीत चढली. आत येण्यासाठी बांधलेल्या वेशीचा सगळ्यात गाजलेला उपयोग बाहेर जाण्यासाठी झाला.

वेस म्हटले की आमच्या मनात तट येतो. वेशीच्या आत कोण आणि बाहेर कोण, याचा हिशोब येतो. महारवाडा, मांगवाडा, रामोशीवाडा, धनगरांची पाले बाहेर. मुंबईच्या किल्ल्यालाही तट होता, अपोलो गेट, चर्चगेट, बझारगेट असे दरवाजे होते, आणि १८६० च्या दशकात बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना ते सगळे पाडले गेले. गेटवे उभा राहिला तो तट जाऊन अर्धे शतक उलटल्यावर. म्हणजे वेस आहे आणि गावकूस नाही. अशी वेस कुणाला अडवत नाही हे खरे. पण ती कुणाची वाट पाहते, एवढे मात्र चांगलेच सांगते. ती पाहते पूर्वेला, बंदराच्या पाण्याकडे. माणदेशातून कुणी तिकडून आलेले नाही.

शेजारी ताज. आमच्या मागच्या बाकावर एक गृहस्थ कुटुंबाला सांगत होते की या हॉटेलचा नकाशा म्हणे विलायतेहून आला आणि इथल्या कंत्राटदाराने इमारत उलटी बांधली. तोंड समुद्राकडे हवे होते ते शहराकडे झाले, म्हणून वास्तुकाराने जीव दिला. ही गोष्ट मीही शाळेत असताना ऐकली होती आणि मला ती फार आवडायची. ती खोटी आहे. ताजचे आराखडे मुळात रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचे, आणि वैद्यांच्या पश्चात काम पुरे केले डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी. हॉटेल १६ डिसेंबर १९०३ ला उघडले तेव्हा गेटवे नव्हता, समोरचे हे विस्तीर्ण पटांगणही नव्हते. घोडागाड्या शहराच्या अंगाने येत, म्हणून दरवाजा तिकडे. खोल्यांना वारा समुद्राचा हवा, म्हणून खोल्या इकडे. यात चुकले ते काय? पण लोकांना ही सरळ गोष्ट पटत नाही. एवढ्या देखण्या इमारतीने समुद्राकडे दार ठेवले नाही हे त्यांच्या मनाला लागते, आणि मग त्यासाठी कुणाचा तरी जीव घ्यावा लागतो. पुढे दरवाजा फिरवून समुद्राच्या बाजूला आणला, तोंड दिले. मूळच्या दारापाशी आता पोहण्याचा तलाव आहे. मुंबईची ही सगळ्यात प्रसिद्ध दर्शनी बाजू मुळात आखणाऱ्यांत एक मराठी माणूस होता, हे त्या गृहस्थांना मी सांगितले नाही. त्यांची गोष्ट रंगात आली होती.

इथे बोटीतून न दिसणाऱ्या एका बाजूबद्दल लिहायला हवे, नाहीतर हा विषय अर्धाच राहील. मुंबईचे मोठे तोंड एके काळी पश्चिमेला होते. तट पाडल्यावर ओव्हलच्या कडेने एकापुढे एक सरकारी इमारती उठल्या. सचिवालय १८७४, विद्यापीठाचे सभागृह त्याच साली, राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट १८७८. या सगळ्यांची तोंडे मावळतीकडे. पुढे मैदान, मैदानापलीकडे रेल्वेचे रूळ आणि रुळांपलीकडे थेट बॅक बेचे पाणी. कल्पना करा, २८० फुटांचा तो मनोरा संध्याकाळच्या उन्हात समुद्रातून कसा दिसत असेल. आणि मग शहराने स्वतःच तो समुद्र उचलून लांब नेला. १९२० च्या दशकात भराव सुरू झाला, त्यातल्या घोटाळ्यांवर वीर नरिमन गरजले, आणि तिसाच्या-चाळिसाच्या दशकांत त्या नव्या जमिनीवर गोल सज्जांची, आडव्या पट्ट्यांची, जहाजांसारखी दिसणारी घरे उभी राहिली. जुन्या गॉथिक इमारतींच्या आणि समुद्राच्या मध्ये ती येऊन बसली, आणि पुढे मरीन ड्राइव्हवर तशाच घरांची रांग नव्या किनाऱ्याकडे तोंड करून बसली. ओव्हलच्या दोन्ही कडा आता ३० जून २०१८ पासून जागतिक वारशाच्या एकाच यादीत आहेत, समोरासमोर. एकीने दुसरीचा समुद्र घेतला हे त्या यादीत लिहिलेले नाही. मला राजाबाई टॉवरपाशी गेलो की नदी आटलेल्या घाटांची आठवण येते. पायऱ्या तशाच, उतरायला पाणी नाही.

त्या टॉवरशी माणदेशाचे एक नाते आहे, कुणी जोडून दाखवलेले नाही म्हणून मी जोडतो. टॉवर उठत होता १८६९ ते १८७८ या काळात. पैसा प्रेमचंद रायचंदांचा, अमेरिकेतल्या यादवीत कापसाने मिळवून दिलेला. आराखडा गिल्बर्ट स्कॉट यांचा, ज्यांनी मुंबई कधी पाहिली नाही. वर कोपऱ्याकोपऱ्यांत पश्चिम हिंदुस्थानातल्या जातिजमातींचे पुतळे बसवले, ते घडवणारे मुकुंद रामचंद्र. आणि तो पुरा होत आला त्याच काळात, १८७६ ते ७८ च्या दुष्काळात, आमच्याकडे म्हसवडच्या खाली राजेवाडीला माणगंगेवर बांध घालायचे दुष्काळी काम निघाले होते. तिथेही दगडच उचलले जात होते, पोटापुरत्या मजुरीवर. टॉवरला नाव, शिल्पे, घड्याळ. बांधाला दर्शनी बाजू नाही, पुतळा नाही, पाण्याकडचा उतार आणि कोरडा उतार एवढेच. पण भरल्या वर्षी सबंध माणदेशात होडी तरंगेल असे पाणी मिळते ते तिथे.

एवढा वेळ आप्पा गप्प होते. गेटवे पाहिला, ताज पाहिले, मान हलवली. नौदलाच्या करड्या जहाजांवरून त्यांची नजर घसरून गेली. मग डावीकडे उत्तरेच्या अंगाला क्रेनच्या माना दिसू लागल्या आणि ते उठून उभेच राहिले. पोराने ओरडून त्यांना बसवले. त्यांचा हात मात्र खाली येईना.

"ती बलार्ड पियर. त्येच्या मागं अलेक्झांड्रा, तिला पुढं इंदिरा गोदी म्हन्ले. त्येच्या पल्याड विक्टोरिया, मग प्रिन्सेस. ती दोनी आता बुजवल्याती म्हनं." बोटीतून बोट दाखवत दाखवत त्यांनी मला एक निराळे शहर वाचून दाखवले. प्रिन्सेस गोदी १८८० ची, व्हिक्टोरिया १८८८ ची, अलेक्झांड्रा १९१४ ची, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. त्यांना ठाऊक होते की कुठल्या शेडच्या फरशीवर पाय घसरतो, कुठल्या धक्क्यावर वारा पाठीवर येतो, साखरेची गोणी आणि खताची गोणी खांद्यावर कशी वेगळी बसते. अलेक्झांड्रा गोदी खणताना निघालेला मातीदगड शेजारी टाकून त्यावर बॅलार्ड इस्टेट उभारली, तिची एकसारख्या उंचीची रेखीव रचनाही विटेटचीच, हे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "म्हंजी खड्ड्यातली माती काढून सायबाचं हापीस, आन् खड्ड्यात आमी." वास्तुकलेच्या कुठल्याही व्याख्यानात मी बॅलार्ड इस्टेटचे इतके नेमके वर्णन ऐकलेले नाही.

विलायतेहून येणाऱ्या साहेबासाठी तिथे धक्क्यालगत आगगाडीचे स्टेशनच होते, बॅलार्ड पियर मोल. बोटीतून उतरायचे, चार पावले टाकायची आणि पेशावरच्या फ्रंटियर मेलमध्ये बसायचे. शहरात पाऊलही न ठेवता शहर ओलांडायची ही सोय. ते स्टेशन १९४४ नंतर राहिले नाही. त्या वर्षी १४ एप्रिलला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन हे जहाज पेटले. पोटात दारूगोळा, वर कापूस. दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासात दुसरा. शेकडो माणसे गेली, त्यात आग विझवायला गेलेले ६६ जवान. त्यांच्यासाठीच देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. जहाजात सोन्याच्या विटाही होत्या. त्या उडून शहरभर पडल्या, एक तर एका घराचे छप्पर फोडून आत आली, आणि गाळ काढताना पुढे कित्येक वर्षे सापडत राहिल्या. आमच्या भागातली, विटा-खानापूर-आटपाडीकडची, गलाईवाली माणसे सोने शुद्ध करायच्या धंद्यात देशातल्या गावोगाव पांगली आहेत. आप्पांचा मेहुणा त्यातलाच. तो विटांची गोष्ट ऐकून दरवेळी हळहळतो, ६६ जवानांची त्याला आठवणही राहत नाही. असो. सोन्याचा गुणच तो.

"तुम्ही कुठल्या गेटनं जायचा कामाला?" मी विचारले.

"यलो गेट."

मुंबई बंदराच्या दारांना रंगांची नावे आहेत. ग्रीन गेट, रेड गेट, यलो गेट, ऑरेंज गेट. यलो गेटच्या नावाने तर पोलीस ठाणेच आहे. ज्याने कुणी ही नावे पाडली त्याने फार शहाणपणा केला असे मला वाटते. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही रंग वाचता येतो. गेटवे ऑफ इंडियावर कोरलेला लेख आहे, त्यात राजाराणीचे नाव आहे, तारीख आहे. यलो गेटला नुसता रंग. पण मुंबईत आत शिरण्याचे दार म्हणून दोन्हींतून गेलेली माणसे मोजली तर यलो गेटच मोठे निघेल, याबद्दल मला शंका नाही. या गोद्यांभोवती लांबच लांब भिंत होती आणि आहे. शहराची सगळी पूर्व किनारपट्टी तिच्यामागे गेली, इतकी की दादरला जन्मलेल्या माणसाला आपल्या शहराला पूर्वेलाही समुद्र आहे हे कधीकधी नकाशात पाहून कळते. तो पूर्वेचा समुद्र मुंबईकराला फुकट पाहायला मिळतो तो जवळजवळ या गेटवेपाशीच, आणि पैसे देऊन या लाँचमधून.

शहर मागे सरत गेले. गलका मागे राहिला, वास मागे राहिला, उरल्या नुसत्या आकृती. ताजचा घुमट, त्याच्या शेजारचा १९७३ चा मनोरा, मागे नव्या इमारतींची गर्दी. चाळी दिसत नव्हत्या, घोडपदेव दिसत नव्हते, धारावी दिसणे शक्यच नव्हते. अंतराने सगळे नीटनेटके करून टाकले होते. आप्पा पुष्कळ वेळ त्या दृश्याकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "ह्ये मुखदर्शन झालं म्हनायचं."

पंढरपूरला दोन रांगा असतात. पददर्शनाची रांग लांब, तिला वारीत दिवस दिवस लागतात, पण शेवटी कपाळ विठोबाच्या पायावर टेकते. ज्याला तेवढा वेळ नाही, तेवढे बळ नाही, तो मुखदर्शनाच्या रांगेतून जातो, लांबून मुख पाहतो आणि पुढे सरकतो. आणि ज्याला तेही जमत नाही त्याने कळस पाहून हात जोडावेत. तिन्ही दर्शनेच, पण ज्याने पायावर डोके ठेवले आहे तो मुखदर्शनाबद्दल जरा वेगळ्या सुरात बोलतो. आप्पांच्या आवाजात तो सूर होता. त्यांनी या शहराचे पाय एकोणतीस वर्षे धरले होते. तोंड आज प्रथम पाहत होते, आणि तेही ज्या पाहुण्यांसाठी ते रंगवले होते त्यांच्या जागेवर बसून. मला वाटत होते की त्यांना वाईट वाटेल. तसे काही दिसले नाही. "चांगलं हाय," ते म्हणाले, "पर आमाला ह्येचा काय उपेग न्हवता."

या वाक्याशी मी घरी आल्यावर पुष्कळ झटापट केली. सौंदर्य उपयोगाच्या पलीकडचे असते वगैरे उत्तरे सोपी आहेत, आणि मी ती वर्गात दिलेलीही आहेत. पण दर्शनी बाजू निरुपयोगी नसतेच. ती कुणाच्या तरी उपयोगासाठी बांधलेली असते: येणाऱ्याला दिपवायला, बांधणाऱ्याला मिरवायला, राज्य इथे टिकणार आहे असे दगडात सांगायला. गेटवे पुरा झाल्यावर ते राज्य पंचवीस वर्षेही टिकले नाही. सहलीच्या बोटीतून वास्तू पाहणारे आपण सगळे त्या मूळ उपयोगाचे उरलेसुरले वारस आहोत. आपल्याला दिपवून आता कुणाला काही मिळायचे नाही, म्हणून आपण निवांत पाहू शकतो. ही निवांती मला खोटी वाटत नाही. फक्त ती आप्पांवर लादायचा मला अधिकार नाही.

घारापुरीला पोचायला तासभर लागतो. समुद्रातून तिथे काहीच दिसत नाही, नुसते झाड आणि डोंगर. जिथे वीजच मुळी फेब्रुवारी २०१८ मध्ये आली त्या बेटावर पश्चिम भारतातले सर्वांत थोर शिल्प आहे, हे पाण्यावरून सांगणारी एकही खूण नाही. लेण्याला बाहेरचा आकार नसतो. बांधणारा रचत जातो, लेणे खोदणारा काढत जातो, आणि जे काढून टाकले त्याच्या पोकळीला आपण वास्तू म्हणतो. पायऱ्या चढताना डोलीवाले मागे लागले. आप्पांनी हात झटकला. "मी वझं उचाललंय. वझं व्हऊन न्हाई जायाचा." दर वीस-पंचवीस पायऱ्यांना टेकत ते वर गेले.

आत दक्षिणेच्या भिंतीत ती साडेपाच मीटरांची मूर्ती. सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराची मानतात. लोक तिला त्रिमूर्ती म्हणतात, ब्रह्मा-विष्णू-महेश समजून हात जोडतात, पण ती सदाशिवाची आहे, त्याची तीन मुखे आहेत. एका बाजूला उग्र अघोर, दुसऱ्या बाजूला कोवळा वामदेव, मध्ये मिटल्या डोळ्यांचा तत्पुरुष. शास्त्राप्रमाणे मुखे पाच. पाचवे, ईशान, वर आकाशाकडे, ते दाखवायचे नसते. आणि चौथे, सद्योजात, पाठीमागे. ते खडकात आहे. शिल्पकाराने ते कोरलेले नाही, आणि तरी ते तिथे आहे असे धरूनच बाकीची तीन कोरली आहेत. शहराच्या दर्शनी बाजूवर एवढा विचार करून झाल्यावर मी त्या मूर्तीपुढे उभा राहिलो तेव्हा मला पुढची तीन मुखे दिसेनाशी झाली असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. पण माझे लक्ष मागच्या खडकाकडे जात राहिले, हे खरे. आप्पांनी खांबावर तळवा घासून पाहिला. "आपलाच दगूड," म्हणाले. होता आपलाच. शिंगणापूरच्या महादेवाच्या डोंगराचा आणि या बेटाचा खडक एकाच लाव्ह्याच्या पसाऱ्यातला.

परतताना ऊन कलले होते. लांबवर अटल सेतूची बारीक रेघ दिसत होती. मुंबई समोरून येत होती, पण सूर्य तिच्या पाठीमागे गेल्यामुळे गेटवे, ताज, सगळे एकाच काळ्या पुठ्ठ्यातून कापल्यासारखे दिसत होते. लाँच बाजूच्या धक्क्याला लागली. कमानीखालची वाट त्या दिवशी कठड्यांनी बंद होती. आम्ही जाकिटे काढून दिली आणि शेवाळलेल्या पायऱ्यांनी, एकमेकांचा हात धरून, कडेकडेने वर आलो.

तुम्ही जाणार असाल तर सकाळची पहिली लाँच धरा. दर्शनी बाजूवर ऊन सकाळीच असते. वरच्या मजल्याचे जादा पैसे द्या आणि जाताना मागे, शहराकडे तोंड करून बसा. सोमवारी लेणी बंद असतात, पावसाळ्यात लाँचचा भरवसा नसतो. आणि बरोबर कुणी गोदीत राबलेले म्हातारे माणूस असेल, तर त्याला उत्तरेच्या अंगाची जागा द्या.